औषध चालू असता सैन्यभरतीस जाणाऱ्यांसाठी

सातारा जिल्ह्यातील ज्या तालुक्याच्या गावी मी गेली तीस वर्षे दवाखाना चालवीत आहे, त्या गावात पहाटे चार वाजता रस्त्यावरून पावलांचा आवाज येतो तो भरतीसाठी धावणाऱ्या मुलांचा. आणि भरतीचा मेळावा जवळ आला, की त्याच मुलांपैकी काही जण संध्याकाळी, इतर रोगी निघून गेल्यावर, दवाखान्याच्या दाराशी येऊन घुटमळत उभे राहतात. गेल्या पावसाळ्यात असाच एक मुलगा वडिलांना बरोबर घेऊन आला. वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेली गोळ्यांची पट्टी त्याने खिशातून काढून टेबलावर ठेवली. दहांपैकी चार गोळ्या शिल्लक होत्या आणि पट्टीमागील औषधाचे नाव त्याने नखाने खरवडून काढले होते. "डॉक्टर, ही गोळी किती दिवस अगोदर बंद केली म्हणजे मेडिकलमध्ये दिसायची नाही?" एवढेच त्याने विचारले.

थोड्याफार फरकाने हाच प्रश्न मला दर भरतीच्या अगोदर विचारला जातो. कोणाला दम्याचा पंप चालू असतो, कोणाचा क्षयाचा उपचार नुकताच संपलेला असतो, कोणी मुरुमांसाठी त्वचारोगतज्ज्ञाची गोळी घेत असतो, कोणाला मन खिन्न राहते म्हणून औषध दिलेले असते. आणि या सर्वांच्या मनात एकच समजूत घट्ट बसलेली असते, की लष्कराचा डॉक्टर गोळी शोधीत असतो आणि ती सापडली नाही म्हणजे आपण पार पडलो. ही समजूत चुकीची आहे, आणि तिच्यापायी झालेले नुकसान मी डोळ्यांनी पाहिले असल्यामुळे त्याविषयी सविस्तर लिहिणे मला कर्तव्य वाटते.

वैद्यकीय मंडळासमोर परीक्षा होते ती शरीराची. हा तरुण हिमालयाच्या उंचीवर, राजस्थानच्या वाळवंटात किंवा ईशान्येच्या जंगलात, अपुऱ्या झोपेवर आणि कोरड्या शिध्यावर, दवाखान्यापासून व औषधाच्या दुकानापासून दूर राहून नेमून दिलेले काम करू शकेल काय, एवढाच निर्णय त्या अधिकाऱ्यांना द्यावयाचा असतो. सियाचीनसारख्या ठिकाणी हवा बिघडली म्हणजे हेलिकॉप्टर येत नाही. अशा ठाण्यावर ज्याची प्रकृती रोजच्या एका गोळीवर अवलंबून आहे त्याची गोळी संपली, तर त्याला खाली आणण्यासाठी त्याच्या सोबत्यांना बर्फात आपला जीव धोक्यात घालावा लागतो. तेव्हा तुम्ही कोणते औषध घेता यापेक्षा ते कोणत्या रोगावर घेता, आणखी किती काळ घ्यावे लागेल आणि ते थांबले तर काय होईल, हे पाहिले जाते. या तिन्हींची खरी उत्तरे तुम्हाला स्वतःला अगोदर माहीत असली पाहिजेत, आणि ती देणारा मनुष्य म्हणजे तुमचा उपचार करणारा डॉक्टर. अकॅडमीतील सोबती किंवा मागच्या भरतीत परत आलेला शेजारचा मुलगा नव्हे.

पुष्कळ औषधे अशी असतात, की त्यांच्याबद्दल काळजी करण्याचे कारणच नाही. तापावर दिलेली पाच दिवसांची प्रतिजैविके, जंतांची गोळी, लोहाच्या गोळ्या, जांघेतील गजकर्णावरचे मलम ही रोग गेला म्हणजे संपणारी औषधे होत; अल्पकाळ टिकणारे व कामात अडथळा न आणणारे त्वचाविकार हे अपात्रतेचे कारण मानले जात नाहीत, असे लष्कराच्या वैद्यकीय मानकांतच म्हटलेले आहे. मात्र ही औषधे वेळेवर घेऊन पुरी केली पाहिजेत. पुरुषाचे हिमोग्लोबिन दर शंभर मिलिलिटरला १३ ग्रॅमच्या खाली गेले म्हणजे तो रक्तक्षय होय. धावणाऱ्या, दोन वेळचे पोटभर न खाणाऱ्या मुलांत तो वारंवार आढळतो, आणि दोन-तीन महिने गोळ्या घेऊन तो भरून निघतो. पण मेळाव्याच्या आदल्या आठवड्यात गोळ्या सुरू केल्या तर भरून निघत नाही. मुरुमांवरील आइसोट्रेटिनॉइन या औषधाविषयी मात्र एक इशारा देऊन ठेवतो. ते सामान्यतः चार ते सहा महिने घ्यावे लागते, त्या काळात यकृताच्या व रक्तातील चरबीच्या चाचण्या बिघडू शकतात, कष्टाच्या व्यायामाने स्नायू अधिक दुखतात आणि काहींची अंधारातील दृष्टी मंदावते. सबब भरती समोर दिसत असताना ते सुरू करू नये, किंवा अगोदरच सुरू करून निवांत संपवावे.

क्षयाविषयी थोडे थांबून लिहितो, कारण आपल्या भागात तो अजून घरोघरी आहे आणि त्याच्याविषयीची लपवाछपवी सर्वांत निरर्थक आहे. क्षयाचा नेहमीचा उपचार सहा महिन्यांचा असतो आणि त्यातील रिफॅम्पिसिन या औषधाने लघवीचा रंग नारिंगी होतो. तपासणीच्या वेळी लघवीचा नमुना द्यावा लागतो. त्या पारदर्शक बाटलीतील रंगच तुमच्या वतीने जबाब देऊन मोकळा होतो. औषध संपले तरी छातीच्या क्ष-किरण चित्रावर जुना व्रण राहिलेला असू शकतो. पण क्षय होऊन गेला म्हणजे सैन्याचे दार कायमचे बंद झाले, असेही नाही. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या प्रवेशासाठी जी मानके प्रसिद्ध होतात त्यांत, उपचार पूर्ण होऊन दोन वर्षांहून अधिक काळ लोटला असेल आणि फुप्फुसात लक्षणीय दोष राहिला नसेल, तर उमेदवार स्वीकारता येतो, अशी तरतूद आहे. आता हिशेब करा. जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेची मूळ वयोमर्यादा साडेसतरा ते एकवीस अशी आहे, म्हणजे हाताशी असतात ती साडेतीन वर्षे. दहावीत असताना ज्या मुलाने क्षयाचा उपचार एकही दिवस न चुकविता पुरा केला, त्याची दोन वर्षे बारावी संपता संपता भरतात. ज्याने बरे वाटू लागले म्हणून तिसऱ्याच महिन्यात गोळ्या टाकल्या, त्याला पुढे पुन्हा पहिल्यापासून उपचार घ्यावा लागतो आणि वयाची ती साडेतीन वर्षे दवाखान्याच्या पायऱ्यांवर संपतात. गोळी नियमित घेणे हीच येथे भरतीची तयारी आहे, असे मी आईबापांना नेहमी सांगतो. सरकारी उपचारकेंद्रात क्षयरोग्याची निक्षय या नावाच्या प्रणालीत नोंद होऊन त्याला क्रमांक मिळतो. तो क्रमांक आणि उपचार पूर्ण झाल्याचा दाखला जपून ठेवावा.

दम्याची गोष्ट अधिक कठीण. लहानपणी दोन-चार वेळा छाती वाजली आणि वयाच्या आठव्या वर्षानंतर काही त्रास नाही, अशा मुलाने आपल्या डॉक्टरकडून श्वसनक्षमतेची चाचणी करून घ्यावी आणि निकाल हाती घेऊन पुढचा विचार करावा. पण ज्याला आजही धूळ उडाली, की निळा पंप ओढावा लागतो, त्याने तो पंप मोज्यात लपवून १६०० मीटर धावण्याचे साहस करू नये. वारंवार दम लागण्याचा पूर्वेतिहास हा अपात्रतेचा विषय आहे. इन्सुलिनवर किंवा गोळ्यांवर असलेला मधुमेह आणि मनोविकाराचा पूर्वेतिहास यांबाबतही मानके कडक आहेत. या शेवटच्या विकाराविषयी माझे मत स्पष्टपणे सांगतो. मनाच्या दुखण्यावर औषध घेणे यात लाज वाटण्याजोगे काही नाही, आणि ज्या मुलाने रात्री झोप लागत नाही, जगावेसे वाटत नाही असे तोंडाने सांगून उपचार घेतला, त्याने मोठे धैर्य दाखविले आहे; तथापि ज्याच्या हाती भरलेली रायफल देऊन रात्रभर एकट्याला पहाऱ्यावर ठेवावयाचे, त्याच्या मनाच्या स्वास्थ्याबद्दल सेनेने कडक राहावे, यात त्या मुलाचेही रक्षण आहे.

आता औषध गुपचूप बंद करण्याविषयी. भरतीच्या मेळाव्याची रात्र ज्याने पाहिली आहे त्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. मुले आदल्या दिवशी एस.टी.ने किंवा जीपने येतात, मध्यरात्रीनंतर रांगा लागतात, कोणी फुटपाथवर पिशवी उशाशी घेऊन पडलेला असतो, पोटात वडापाव आणि चहा, झोप नाही, आणि उजाडताच जीव तोडून धावावयाचे. निरोगी देहालाही हा ताण थोडा नसतो. ज्याला फेफरे येते, त्याला तर जागरण, उपवास आणि दमणूक या तिन्ही गोष्टी झटका आणणाऱ्या आहेत, आणि त्याच दिवशी त्याने झटका थोपविणारी गोळी सोडलेली असते. औषध एकाएकी बंद केल्यावर येणारे झटके कधी कधी एकामागून एक येत राहतात आणि थांबत नाहीत. त्यात प्राणही जातो. प्रेडनिसोलोनसारखे स्टेरॉइड काही आठवडे घेतल्यावर शरीर स्वतःचे तशाच प्रकारचे द्रव्य तयार करणे कमी करते. ते अचानक सोडले तर रक्तदाब कोसळून मनुष्य मैदानावरच पडू शकतो. मनाच्या औषधांची मात्रा हळूहळू उतरवावी लागते, नाहीतर चक्कर, अस्वस्थता, निद्रानाश सुरू होतो. थायरॉइडची गोळी आठवडाभर सोडली तर बाहेरून काहीच कळत नाही, आणि म्हणूनच मुले फसतात. महिना उलटला म्हणजे रक्ताच्या चाचणीत आणि धावण्याच्या वेळेतही ते उतरलेले दिसते. कोणतेही औषध थांबवावयाचे झाल्यास ते ज्याने सुरू केले त्याच्या लेखी सल्ल्याने, मेळाव्याच्या पुष्कळ अगोदर थांबवावे आणि त्याविना प्रकृती कशी राहते, हे घरी, आपल्या माणसांत पाहावे.

याच्या उलट चूक म्हणजे तपासणीसाठी म्हणून औषध घेणे. नाडी जलद चालते, रक्तदाब चढलेला दिसतो, म्हणून कोणीतरी सांगितलेली प्रोप्रॅनोलॉलची गोळी सकाळी घेऊन जाणारी मुले मला ठाऊक आहेत. ही गोळी हृदयाची गती रोखून धरते, त्यामुळे धावताना जी गती वाढावयास हवी तीच वाढत नाही, पाय जड होतात. आणि दमा असलेल्या मुलाला तिने श्वासनलिका आवळून जिवावरचे संकट येऊ शकते. वस्तुतः भीतीने रक्तदाब चढतो, हे लष्करी डॉक्टरांना आपल्याहून अधिक चांगले ठाऊक असते. अपात्रता ठरते ती तो सातत्याने १४०/९०च्या वर राहिला तर. एकदा चढलेला दिसल्यास विश्रांती देऊन तो पुन्हा मोजला जातो. धावण्यापूर्वी दुखणे मारणाऱ्या गोळ्या घेणे हाही प्रकार वाढला आहे. पाणी कमी पडलेल्या देहात त्या मूत्रपिंडांना इजा करतात. शक्ती वाढविणारी इंजेक्शने आणि पुडीतील अनामिक चूर्णे यांविषयी एवढेच सांगणे पुरे, की उत्तेजक द्रव्ये घेणाऱ्यास भरतीच्या जाहिरातीतच स्पष्ट मनाई असते, आणि ज्या पुडीवर घटकांची नावे नाहीत तिच्यात स्टेरॉइड मिसळलेले निघाल्याची उदाहरणे आम्हा डॉक्टरांच्या नित्य अनुभवातील आहेत.

तपासणीच्या वेळी पूर्वीच्या आजारांविषयी विचारले जाते आणि दिलेल्या उत्तरांखाली सही घेतली जाते. गर्दीत, घाईत, पुढच्या मुलाचे पाहून सर्व रकान्यांत 'नाही' लिहून मोकळे होण्याचा मोह होतो. तो आवरावा. १९५० च्या सेना कायद्याच्या ४४ व्या कलमान्वये, नावनोंदणीच्या वेळी विहित नमुन्यातील प्रश्नाला जाणूनबुजून खोटे उत्तर दिल्याचे मागाहून उघडकीस आले, तर लष्करी न्यायालयापुढे दोष शाबीत झाल्यावर पाच वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा होऊ शकते. पण शिक्षेहूनही मला दुसरी बाजू अधिक महत्त्वाची वाटते. धरमवीर सिंग हा शिपाई १९८५ साली सैन्यात दाखल झाला आणि झटक्यांच्या विकारामुळे १९९४ साली त्याला सेवेतून कमी करण्यात आले. त्याच्या अपंगत्व-निवृत्तिवेतनाचा दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१३ मध्ये न्यायालयाने तो मान्य केला. भरतीच्या वेळी ज्या रोगाची नोंद नव्हती तो सेवेतच उद्भवला, असे गृहीत धरले पाहिजे, आणि तसे नाही म्हणावयाचे तर वैद्यकीय मंडळाने कारणे दिली पाहिजेत, हा त्या निर्णयाचा गाभा. प्रामाणिक शिपायाच्या पाठीशी कायदा असा उभा राहतो. मात्र ज्याने रोग लपविला आणि ज्याच्या जुन्या चिठ्ठ्या, औषधाच्या दुकानाची बिले पुढे सापडली, त्याने हे संरक्षण आपल्या सहीने गमावलेले असते. अग्निपथ योजनेतून भरती झालेल्या अग्निवीराला मात्र निवृत्तिवेतन नाही. सेवेमुळे अपंगत्व आल्यास त्याच्या प्रमाणानुसार, म्हणजे शंभर, पंचाहत्तर व पन्नास टक्क्यांसाठी, अनुक्रमे ४४, २५ व १५ लाख रुपयांचे एकरकमी साहाय्य ठरविलेले आहे, आणि त्यासाठीही अपंगत्वाचे मूळ सेवेत आहे किंवा ते सेवेने वाढले आहे, हे ठरावे लागते. तुमच्या कुटुंबाच्या हक्काची पहिली ओळ त्या दिवशी तुम्ही स्वतः लिहीत असता.

कागदपत्रांविषयी माझी स्वतःचीच एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी कावीळ होऊन गेलेल्या एका मुलाला मी घाईत दाखला दिला, 'प्रकृती ठीक आहे' अशा एका ओळीचा. आजार केव्हा झाला, औषध केव्हा संपले, यकृताच्या चाचण्या कोणत्या तारखेला पूर्ववत आल्या, यातले काहीच त्यात नव्हते. त्या दाखल्याने कोणाचेही समाधान झाले नाही आणि चाचण्यांच्या जुन्या पावत्या शोधण्यात त्या मुलाचे दिवस फुकट गेले. तेव्हापासून मी दाखल्यात रोगाचे निदान, निदानाची तारीख, औषधाचे मूळ नाव व मात्रा, सुरू केल्याची आणि थांबविल्याची तारीख, आणि शेवटच्या चाचणीचे आकडे एवढे लिहिल्याशिवाय शिक्का मारीत नाही. तुम्हीही डॉक्टरांकडून एवढे मागून घ्या. दुकानाच्या छापी नावाऐवजी औषधाचे मूळ नाव लिहून घ्या, कारण छापी नावे शेकडो असतात. प्रयोगशाळेच्या आणि दुकानाच्या गुळगुळीत कागदावरील मजकूर वर्षभरात पुसट होऊन जातो. त्याची छायाप्रत वेळीच काढून ठेवा. आणि खोटा दाखला मागू नका. असा दाखला देणारा डॉक्टर मिळतो, हे मला ठाऊक आहे. पण दाखला खोटा लिहिला म्हणून तुमचे हृदय, फुप्फुसे किंवा मेंदू खरे बोलण्याचे थांबत नाहीत.

तपासणीत अपात्र ठरल्यास हाती दिलेला कागद तिथल्या तिथे, धीर न सोडता, पुरा वाचावा. अपात्रता तात्पुरती आहे की कायमची, कारण कोणते लिहिले आहे आणि फेरतपासणी कोठे व केव्हापर्यंत, हे त्यावर असते. अग्निवीर भरतीत नेमून दिलेल्या लष्करी रुग्णालयात पाच दिवसांच्या आत हजर व्हावे आणि चौदा दिवसांत फेरतपासणी पुरी व्हावी, असा सामान्य प्रघात आहे. तरी तुमच्या कागदावर जी तारीख असेल तीच प्रमाण मानावी. अधिकारीपदाच्या उमेदवारांना अपील वैद्यकीय मंडळासाठी ४२ दिवस मिळतात, आणि त्यानंतरचे पुनर्विलोकन मंडळ दिल्लीच्या लष्करी रुग्णालयात किंवा पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात बसते. ही मुदत केवळ वाट पाहण्यात घालवू नये. कारण वाचून त्याच दिवशी त्या विषयाच्या तज्ज्ञाकडे जावे, चाचण्या नव्याने कराव्यात, आणि लोहाची कमतरता, कानातील मळ यांसारखे दूर होण्याजोगे काही असेल तर लगेच उपचार सुरू करावा. गोव्यातील आणि कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग येथील मुलांचे भरती कार्यालय कोल्हापुरास आहे; शंका असल्यास तेथेच विचारावे, मध्यस्थाला नाही.

पावसाळ्यात आलेल्या त्या मुलाच्या पट्टीवरचे नाव खरवडलेले असले तरी कडेला उरलेल्या अक्षरांवरून मला ते ओळखता आले. ते सोडियम व्हॅलप्रोएट होते. सोळाव्या वर्षी त्याला दोनदा झटका आला होता. वयाच्या पाचव्या वर्षानंतर आलेला झटका हे अपात्रतेचे कारण आहे, मग औषध चालू असो वा बंद असो. म्हणजे गोळी सोडून त्याला मिळणार काहीच नव्हते आणि जाण्याजोगे सर्व काही जाणार होते. हे मी त्याला त्याच शब्दांत सांगितले. तो बराच वेळ खाली पाहत बसला. त्याच्या आजोबांनी मराठा लाइट इन्फंट्रीत नोकरी केली होती, आणि घरात त्यांचा गणवेशातला फोटो आहे, असे वडील हळू आवाजात म्हणाले. मी कपाटातून नवी चिठ्ठी काढली, औषधाचे नाव मोठ्या अक्षरांत लिहिले आणि वेळ लिहिली, रात्री नऊ. सैन्याच्या कारखान्यांत व भांडारांत मुलकी जागा असतात, त्यांतील काही जागांचे वैद्यकीय निकष निराळे असतात, त्यांची चौकशी आपण दोघे मिळून करू, असे मी त्याला म्हटले. पण ते त्याने त्या वेळी ऐकले की नाही, हे मला सांगता येणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी वडील एकटेच आले. रात्री नऊला पोराने गोळी घेतली, आपण समोर उभे होतो, एवढे सांगून ते पुढल्या महिन्याची चिठ्ठी घेऊन गेले.